सहावी खोली

मेंढ्यांचा ट्रेलर. पुन्हा पुन्हा धुतलेला. तरी वास.

दाराशेजारी पितळी पाटी. पहिली खोली, बेल एकदा वाजवा. दुसरी, दोनदा. अशी पाचपर्यंत.

बटाट्यांच्या दोन पिशव्या.

“तू भाजी असतीस, तर कुठली असतीस?”

ओल्या फरशीवर एक कोरडी जागा.

हे सगळं एकाच घरातलं आहे. ख्रोनिंगेनमधलं, कालव्याकाठचं घर. घडलं ते खरं आहे. रचून सांगायचं असतं, तर मी स्वतःला यात जरा बरं दाखवलं असतं.

आणि रात्र नव्हती. ऑगस्टचा शेवटचा रविवार, संध्याकाळ, बाहेर लख्ख ऊन.

मी झीलंडची, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. समुद्राच्या बांधाआड आमची मेंढरं आणि बटाट्यांची शेती. ख्रोनिंगेनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. खोली मिळत नव्हती.

विद्यार्थ्यांच्या घरात खोली रिकामी झाली की तिथली मुलं बऱ्याच जणांना एकदम बोलावतात. बिअर देतात, काहीबाही विचारतात आणि एकाला निवडतात. बाकीच्यांना सांगतात, “आम्ही फोन करू.”

तो फोन येत नाही.

मला कितीतरी घरांतून आला नव्हता. हे शेवटचं घर. त्याच आठवड्यात वर्ग सुरू होणार होते. इथंही नाही जमलं, तर शिक्षण राहिलं आणि मी परत मेंढरांत.

बाबांना हा प्रकारच पटत नव्हता.

“एवढ्या लांबून बोलावतात ते काय नुसतं तोंड बघायला? बोलावलं म्हणजे दिली खोली.”

“बाबा, तसं नसतं हो.”

“मग काय, रिकामा ट्रेलर ओढत नेऊ?”

त्यांनी खाट भरली. टेबल भरलं. बटाट्यांच्या दोन पिशव्या भरल्या. आणि अर्धा देश ओलांडून गाडी नेमकी त्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी केली.

“हो म्हणाले की हाक मार, मिने. खाट वर आणतो.”

वर स्वयंपाकघरात आम्ही आठ जण बिअरच्या क्रेटवर बसलो होतो. समोर घरातली मुलं. त्यात योरिट सगळ्यांत बडबडा. भाजीचा प्रश्न त्याचाच. माझ्या शेजारची म्हणाली, “आर्टिचोक. पाकळी पाकळी करून मला उलगडावं लागतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले, “बटाटा.”

कुणीतरी फिसकन हसलं.

मग योरिट खिडकीपाशी गेला.

“अरे, खाली बघा! कुणीतरी खाटेसकट आलंय. मेंढ्यांच्या गाडीत!”

सगळे धावले. खाली बाबा गाडीच्या आरशात बघून केस विंचरत होते.

“माझे बाबा आहेत ते,” मी म्हणाले.

“म्हणजे बटाटा शेतासकट आलाय!”

घर हसलं. माझे कान तापले. हसणाऱ्यांचा राग यायला हवा होता. मला लाज वाटली ती बाबांची. त्यांच्या कंगव्याची.

तेवढ्यात...

बेल वाजली.

एकदा. थांबून पुन्हा. पुन्हा. कुणीतरी मोजून वाजवावी तशी.

सहा वेळा.

हसणं थांबलं. पण फक्त त्या घरात राहणाऱ्यांचं. आम्ही पाहुणे हसतच होतो.

“बाबाच असतील,” म्हणत मी उठले. फेनानं माझं मनगट धरलं. ती घरातली सगळ्यांत जुनी.

“बस खाली.”

“अहो, त्यांना पाटी कळली नसेल...”

“खिडकीतून बघ.”

बघितलं. बाबा दारापाशी नव्हतेच. ट्रेलरला टेकून उभे होते, टोपी हातात. दाराकडे तोंड करून काहीतरी बोलत होते... दारावर छज्जा होता. तिथलं वरून दिसत नव्हतं.

एकटेच बोलतात आता, मला वाटलं. आणखी लाज.

पुन्हा बेल. पुन्हा सहा.

कुणी उठलं नाही. योरिट आपल्या बाटलीवरचा कागद नखानं सोलत राहिला.

निघताना फेना सगळ्यांना म्हणाली तेच मलाही म्हणाली. “आम्ही फोन करू.”

परतीच्या वाटेवर एका खाणावळीत बाबांनी मला तळलेलं क्रोकेट खाऊ घातलं. स्वतः काही खाल्लं नाही. “दुसरी मिळेल गं,” म्हणाले. दुसरी नव्हती. दोघांनाही माहीत होतं.

तेव्हाच फोन आला. फेना.

“खोली तुझी. आजच परत ये. खाट घेऊन.”

तिच्या मागे कुणाचाच आवाज नव्हता.

बाबा टेबलावर हात आपटून म्हणाले, “मी काय म्हटलं होतं? बोलावलं म्हणजे दिली!”

पाचवी खोली. खाट चढवली, टेबल चढवलं. बटाट्यांची मात्र एकच पिशवी निघाली. दुसरी घरी अंगणातच राहिली असेल, मला वाटलं.

पुढचे महिने खरंच चांगले गेले. सगळे मला ‘बटाटा’ म्हणायचे आणि मला ते आवडायला लागलं होतं. आपण आवडलो म्हणून निवडले गेलो, असं मी धरून चालले होते.

हिवाळ्यात एकदा मी आणि योरिट भांडी पुसत होतो. सहज विचारलं, “त्या दिवशी बेल कोण वाजवत होतं रे?”

तो भांड्यांकडे बघतच म्हणाला,

“आमच्या आधीच्यांनी सांगितलेलं आहे. फार पूर्वी एक मुलगी आली होती, आईबरोबर. हातगाडीवर खाट घेऊन. त्यांनाही वाटलं, बोलावलं म्हणजे दिली. तोंडावर नाही म्हणायला कुणी तयार होईना. मग एकाला गंमत सुचली. ‘तुझी सहावी खोली. खाली जा, सहा वेळा बेल वाजव, आम्ही उघडतो.’”

“पण सहावी खोली तर...”

“नाहीये. त्या दोघी खाली वाजवत राहिल्या. हे वर बसून हसत राहिले.”

“मग?”

“मग काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

तो केव्हाच कोरडी झालेली तीच ताटली पुसत होता.

“एरवी नाही वाजत. नवीन मुलं निवडायला बसलो की वाजते. तू गेल्यावर आम्ही त्या आर्टिचोकला घेणार होतो, खरं सांगतो. पण आणखी एक खाट दारातून परत पाठवायची... हिंमत नव्हती गं आमची.”

म्हणजे मी नाही. माझी खाट.

पुढच्या ऑगस्टमध्ये फेनाची खोली रिकामी झाली. आता मी निवडणाऱ्यांच्या बाजूला होते. हातात बिअर. बाहेर पाऊस. योरिटनं भाजीचा प्रश्न विचारला. एक मुलगा अडखळला, आम्ही हसलो. मीही.

आणि...

सहा वेळा.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उठले. कुणी अडवलं नाही.

जिना उतरताना मी मनात शब्द जुळवत होते. आत या, एवढंच म्हणायचं होतं.

दार उघडलं.

कुणीच नव्हतं.

रस्ता ओला, पायऱ्या ओल्या. पावसाचे थेंब माझ्या पायांवर उडत होते. पण दारासमोरच्या फरशीवर... एक लांबट चौकोन कोरडा होता.

खाटेएवढा.

त्याच्या कडेला पावलांएवढ्या आणखी काही जागा कोरड्या. पाऊस पडत होता आणि त्या भिजत नव्हत्या.

मी तोंड उघडलं. आत या म्हटलं, तर कुठल्या खोलीत? फेनाची वर बसलेल्यांपैकी एकाची होणार. मग माझ्याच, पाचव्या. ती तर खाटेमुळे मिळालेली. माझ्या खाटेच्या आधी या दोघींची आली होती.

माझ्या तोंडून निघालं,

“आम्ही फोन करू.”

क्षणभर काही झालं नाही. मग चौकोनावर एक थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता सगळी फरशी सारखी ओली झाली.

त्या घरात बेल पुन्हा कधी सहा वेळा वाजली नाही. योरिट म्हणायचा, “बटाट्यानं सोडवलं बघ आपल्याला.” मी त्याला कधी सांगितलं नाही, मी काय म्हणाले ते.

आता मला स्वतःचं घर आहे. बेल एकच. ऑगस्ट आला की मी फोन हातात घेऊन बसते.

करू म्हटलंय मी. कुणाला करू?

बाबांना मागे एकदा विचारलं होतं. बटाट्यांची दुसरी पिशवी त्यांनी त्या पहिल्या रविवारी, मी वर असताना, दारात मुलीला घेऊन थांबलेल्या एका बाईला देऊन टाकली होती.