कारकुनाचा वेग

*चाल*

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात फ्लॉपी ड्राइव्ह एकच उरला होता आणि त्याच्यावर दोन हात एकदम पडले. एक वल्लरी विजयकरचा. दुसरा एका उंच, घामाने निथळणाऱ्या तरुणाचा.

"मी आधी बघितला," तो म्हणाला.

"बघणं वेगळं, धरणं वेगळं." तिने धरला होता.

दुकानदार पंख्याखालून हलला नाही. "एकही पीस है. आपस में देख लो."

"तुम्हाला कशाला हवाय पण? फ्लॉपी वापरतं कोण आजकाल?"

"तुम्ही," वल्लरी म्हणाली.

तो हसला. हसताना मान जरा तिरकी करायचा… आणि ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात तिला उगाचच बरं वाटलं.

बाबांची जुनी फ्लॉपी आहे, तिने सांगितलं. ऑफिसातल्या बुद्धिबळाच्या खेळाची. त्यांना तोच हवाय, दुसरा कुठलाही नको.

"डॉसवरचा? अरे वा! तो नुसता लॅपटॉपमध्ये घालून चालणार नाही हं. आधी लॅपटॉपला सोंग घ्यायला लावायचं, की बाबा रे, तू तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आहेस."

"आणि हे तुम्हाला जमतं?"

"तेवढंच जमतं. घोडपदेवला या कधी. लोक मांजरं पाळतात, मी बुद्धिबळाचे जुने प्रोग्रॅम पाळतो. पोटासाठी लोअर परळला सॉफ्टवेअर टेस्टिंग. गौतम परब."

"मग असं करू. ड्राइव्ह माझा, डोकं तुमचं."

"आणि चहा?"

"चहा ज्याचा हात उशिरा पडला त्याचा."

*पट*

वल्लरीचे बाबा, गुरुदत्त विजयकर, विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. आई गेल्यापासून गिरगावच्या घरात ते आणि वल्लरी, दोघंच. नोकरीत असताना ऑफिस सुटलं की ते मागे थांबायचे आणि या खेळाशी डाव मांडायचे. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं– कारकून.

"ठरलेले सेकंद झाले की फाइल पुढे सरकवणार," ते गौतमला सांगत होते. "डोकं म्हणून लावणार नाही. नेहमी लोळवायचो मी त्याला."

आणि आताच तो का हवा होता, तेही त्यांनी हसत हसत सांगून टाकलं. हल्ली नावं निसटत होती. शेजारच्या बाईंचं नाव, रोजच्या औषधाचं नाव. त्यांच्या थोरल्या भावाने शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोलाच विचारलं होतं, आपण कोण?

"कारकुनाला हरवता येतंय तोवर डोकं शाबूत. नाही आलं, तर गुपचूप बंगळुरूला. अभिषेककडे."

अभिषेक म्हणजे वल्लरीचा भाऊ. आणि बाबा गेले तर आपणही त्यांच्यामागे जायचं, हे वल्लरीने मनाशी कधीच ठरवलेलं होतं. तिने ते गौतमला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? बाबा हरतातच कशाला!

लॅपटॉपचा पडदा काळा झाला, मग राखाडी. हिरवापांढरा पट उमटला. आतून एक किरटा पींऽऽ आवाज आला, आणि बाबांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अरे… हाच तो!"

"बघा, कसा माखन चालतोय," गौतम म्हणाला. "फुल्ल स्पीड दिलाय काका. कुठे अडकणार नाही."

बाबा पहिला डाव हरले. "सवय मोडली रे," म्हणाले.

दुसराही हरले.

*मधल्या रविवारांचं काय सांगावं*

की गौतम दर रविवारी यायचा, की अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलं नाही, की एकदा दोघं कॉटन ग्रीनच्या भंगाराच्या गोदामात शिरली, ती मोबाइलचा टॉर्च धरून आणि तो ढिगाऱ्यात वाकून, आणि एक अवजड, पिवळा पडलेला कॉम्प्युटर सापडला तेव्हा तो ओरडला, "थ्री-एट-सिक्स! तुझ्या बाबांच्या ऑफिसात हाच असणार!", आणि तिच्या नाकावरची धूळ त्याने बोटाने पुसली, आणि बोट तिथेच… जरासं… राहिलं, आणि ती म्हणाली, "पुसून झालं असेल तर बोट परत घे," आणि तो म्हणाला, "एकदा ठेवलेलं परत घेता येत नाही, बुद्धिबळाचा नियम आहे," आणि त्याच रविवारी बाबा सलग तिसऱ्या डावात मात खाऊन उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"तो कारकून राहिला नाही, वल्ली," ते म्हणाले. "साहेब झालाय. किंवा मग मी…"



मग ते संध्याकाळी वाडीतल्या मित्रांबरोबर पट मांडून बसेनासे झाले. मग दूध आणायला जाईनासे झाले. रस्ता ओलांडताना आधी थांबून वल्लरीकडे बघू लागले.

*घोडपदेव*

"कारकुनाला थोडा हळू कर ना."

गौतमच्या खोलीत कॉटवर तो जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता. गौतमने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे?"

"एकदाच. बाबा एकदा जिंकले की पुरे."

"मी असलं काही करत नाही, वल्लरी. आहे तो प्रोग्रॅम आहे तसा चालवायचा. नाहीतर मग काय उरलं त्याच्यात?"

"माझे बाबा उरतील."

कौसल्याबाई, त्याची आई, दारातून डोकावली. "गो बाय माझ्या! चेडवाक चाय तरी दी रे, काय नुसतो पत्रोच दाखवतंस?"

वल्लरीला हसू आलं, आणि मग लगेच रडू. गौतमने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो धरू दिला नाही.

*पींऽऽ*

पुढच्या रविवारी बाबा जिंकले.

एकदा. मग परत. मग तिसऱ्यांदा, वजीर न हलवता. वल्लरीने टाळ्या वाजवल्या. गौतम लॅपटॉपमागे मान खाली घालून बसला होता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "छान खेळला आज," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

वल्लरी मागोमाग गेली. ते नळ सोडून नुसतेच उभे होते.

"तू सांगितलंस ना त्याला?"

"काय, बाबा?"

"लहान असताना मी तुला जिंकू द्यायचो, वल्ली. चार चाली बघून एक चुकीची खेळायचो. मला कळतं जिंकू देणं कसं दिसतं." त्यांनी नळ बंद केला. "गुणी पोरगा आहे. आमच्या घरच्यांनीसुद्धा माझ्या थोरल्या भावासाठी एवढं केलं नव्हतं."

खाली जिन्यात तिने गौतमला गाठलं. बाबांना कळलं होतं, डाव फसला होता; तरी हा आपल्यासाठी आपली तत्त्वं गुंडाळून ठेवतो, हेच तिच्या मनात भरून आलं होतं.

"केलंस ना? माझ्यासाठी?"

"वल्लरी, ऐक ना…"

"काही बोलू नकोस." टाचा उंचावून तिने त्याच्या गालावर ओठ टेकले. त्याच्या शर्टाला जुन्या यंत्रांच्या धुळीचा वास होता. त्याने डोळे मिटले, आणि तो बोलला नाही.

बोलला नाही!

*मेसेज*

– बाबांनी अभिषेकला फोन केला. महिनाअखेर बंगळुरू.

– काय?? ते तर जिंकले

– त्यांना वाटतं आपण जिंकवलं. मीपण जाणार गौतम. त्यांना एकटं नाही सोडू शकत.

– …

– बोल काहीतरी

– मी भेटून सांगतो. दादर. आत्ता.

*दादर, फुलबाजाराच्या बाजूला*

"मी त्याला हळू नाही केला. म्हणजे केला, पण…"

"नीट बोल."

"तो मुळातच तेवढा हळू होता, वल्लरी! आपला जुना कॉम्प्युटर दुरुस्त झाला, मी फ्लॉपी त्याच्यावर लावली. कारकून अगदी सुमार खेळला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चालीला सेकंद ठरलेले. जुन्या यंत्रावर त्या सेकंदांत तो दोन-तीन चाली पुढचं बघायचा. मी त्याला लॅपटॉपचा सगळा वेग दिला. तेवढ्याच सेकंदांत तो कितीतरी पुढचं बघत होता. काका कारकुनाशी नाही हरले. मी त्यांच्यासमोर भलताच राक्षस बसवला होता."

गजऱ्यांवर पाणी मारणारी बाई दोघांकडे बघू लागली होती.

"हे तुला कधी कळलं?"

"…काका जिंकले त्याच्या आधी."

"आणि तू गुपचूप वेग बदललास."

"वाटलं, जिंकतील, खूश होतील, विषय मिटेल. माझ्या हुशारीने त्यांची काय हालत केली, ते तुला कळायला नको होतं. आणि मग जिन्यात तू…"

"मी जिन्यात काय?"

"तू माझ्याकडे असं बघितलंस… तसं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं गं."

*चाल परत*

घरी जाताना वल्लरीने तो रविवार परत मांडून बघितला. गौतम येतो. लॅपटॉप उघडण्याआधीच म्हणतो, काका, चूक माझी, तुम्ही आजवर राक्षसाशी लढत होतात, आता खऱ्या कारकुनाशी खेळा. बाबा त्याचा कान पिळतात. खेळतात. जिंकतात, आणि विश्वास ठेवतात. संध्याकाळी दूध आणायला एकटे जातात.

चारच शब्द पुढे-मागे. पण ते आधी यायला हवे होते.

*मात*

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. "अजून एक गोष्ट रचलीत माझ्यासाठी."

"काका, शपथ!"

"पोरा, तुझ्या लॅपटॉपवर तू हळूही करतोस, जोरातही करतोस. त्यातलं खरं कुठलं, ते मी कसं ओळखू?"

तेव्हा गौतमने टॅक्सी केली आणि तो अवजड कॉम्प्युटर, मॉनिटरसकट, घोडपदेवहून गिरगावात आणला. ह्याचा वेग कुणालाच बदलता येत नाही, हे बाबांनाही पटलं. ते खुर्चीत ताठ बसले. वल्लरीने देवाला हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखेच.

सुरुवात चांगली झाली. कारकून आपल्या संथ, सरकारी चालीने खेळत होता. बाबांचा उंट मोकळा, हत्ती मोकळा. मग ते थबकले. हात कळांवर गेला, मागे आला. परत गेला, परत मागे आला. इतक्या रविवारी खाल्लेले मार त्या बोटांत उतरले होते. समोरची चाल उघड होती. वल्लरीला दिसत होती, गौतमला दिसत होती. बाबांना ती सापळा वाटली. त्यांनी घोडा मागे घेतला.

त्यानंतर फार वेळ लागला नाही.

गौतम घाईघाईने म्हणाला, "परत खेळू, काका. हा धरायचाच नाही. तुम्ही घाबरलात फक्त, डोकं एकदम–"

"नको." बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होता. "थँक्यू, गौतम. एवढं ओझं वाहून आणलंस. आता शंका राहिली नाही."

*निरोप*

मॉनिटर दोघांनी मिळून खाली आणला. टॅक्सीवाल्याने डिकी उघडली. दोघांचे हात मॉनिटरखाली अडकले होते, तरी तो ठेवायची घाई कुणालाच नव्हती.

"मी बंगळुरूला येईन," गौतम म्हणाला. "तिकडे टेस्टिंगची कामं ढिगाने आहेत. तू नको म्हणालीस तरी येईन. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"माहितीय. माझंपण आहे."

"मग?"

तिने आपल्या बाजूने मॉनिटर डिकीत टेकवला. हात सोडवून घेतले.

"बाबांना तू फार आवडतोस, माहितीय? काल म्हणाले, जाऊ नकोस माझ्याबरोबर, त्याच्याशी लग्न कर. मी हरतोय म्हणून जो यंत्राचा वेग कमी करतो, असा दयाळू मुलगा शोधून सापडायचा नाही."

गौतमने मॉनिटरची आपली बाजूही खाली टेकवली.

"मीही तेवढंच समजून राहिले असते ना, गौतम…" वल्लरी म्हणाली, "तर आत्ता तुझ्या टॅक्सीत बसले असते रे."

टॅक्सीवाल्याने डिकी आपटली. ती वर जायला वळली. वरून बाबा विचारत होते, त्यांच्या निळ्या गोळीचं नाव काय म्हणून.