वाळवंटातलं अस्वल

जास्नानं फ्रिज उघडला. भावाचं इन्सुलिन जागच्या जागी होतं. गोराझ्द मात्र गुरुवार संध्याकाळपासून बेपत्ता, आणि आज शनिवारची दुपार.

मारिबोर शहराच्या पोलिसांनी दवाखाने, नदीकाठ, सगळं पालथं घातलं होतं. बहीणभावाच्या डोंगरावरच्या द्राक्षमळ्यातलं घरही पाहिलं. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली गोराझ्दकडेच. हाका मारल्या, ओ आली नाही, परतले.

घंटा वाजली. दर शनिवारी खेळायला येणारे मेत्का आणि तिलेन दारात होते. गोराझ्द गोष्ट रचायचा, हे दोघं आपापलं पात्र कागदावर घडवून त्या गोष्टीत उतरायचे. आज नवी गोष्ट सुरू व्हायची होती.

"गोराझ्द सापडत नाहीये," जास्ना म्हणाली. "शेवटचं कधी बोललात त्याच्याशी?"

मेत्का मटकन खाली बसली. "बुधवारी. म्हणाला, वाळवंटातली गोष्ट आहे, तशी पात्रं करा."

"आणि तू?"

"मीही बुधवारीच, ताई," तिलेन म्हणाला.

"कागद दाखवा."

"माणूस हरवलाय आणि तू पात्रं काय बघतेस!"

"दाखव, मेत्का."

मेत्काची वाटाडी होती, वाळूत पाणी शोधणारी. तिलेनचा योद्धा अस्वलाच्या रक्ताचा. थंडी बाधत नाही, बर्फावर पाय घसरत नाही. पहिल्याच दिवशी राक्षस लोळवेल एवढी ताकद.

"एवढे गुण आले कुठून?"

"एखादी खोट पत्करली की जास्तीचे गुण मिळतात," मेत्का म्हणाली. "हा लबाड खोट अशी घेतो, जी गोष्टीत कधी आडवीच येत नाही. मागे समुद्राच्या सफरीत घोड्यांची भीती घेतली होती पठ्ठ्यानं!"

जास्नानं खोट वाचली. 'उन्हात सगळी ताकद जाते.'

तिनं कागद तिलेनसमोर धरला.

"तिलेन, गुरुवारी संध्याकाळी गोराझ्दनं मला फोन केला होता. कुठून बोलतोय ते मी विचारलं नाही. म्हणाला, वाळवंट रद्द. सगळी गोष्ट बर्फाच्या गुहेत नेलीय, तिलेनची जिरवायला. आत्ताच वहीत लिहिलं, म्हणाला. हे त्यानं फक्त मला सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन बंद."

तिलेननं कागदाकडे हात नेला. जास्नानं तो मागे घेतला.

"वाळवंटात हे अस्वल तासाभरात मेलं असतं. असलं पात्र तू करशील? तू ती वही वाचलीस. म्हणजे फोननंतर तू तिथं होतास. कुठे आहे तो?"

"मळ्यात," तो पुटपुटला. "गुरुवारी भेटायला गेलो, तर तो वेलींकडे गेला होता. वही उघडीच होती. तिथंच बसून पात्र लिहिलं. त्यानं पकडलं. चोर म्हणाला, खेळायला पुन्हा येऊ नकोस म्हणाला. मी ढकललं. तळघराच्या जिन्यावरून गेला... हलेना. मेला असं वाटलं, ताई. फोन बंद केला, कुलूप लावलं, पळालो."

"आणि तोच कागद घेऊन आलास?" मेत्का किंचाळली.

"आलो नसतो तर संशय आला असता. दुसरं लिहायला बसलो, हातच चालेना."

"किल्ली," जास्ना म्हणाली.

पोलिसांना फोन करत ती मेत्काच्या गाडीत बसली. तिलेननं दिलेली किल्ली तिच्या मुठीत होती.

तळघरात आंबट दर्प होता. पिंपांमागे गोराझ्द पडला होता, ओठ सुकलेले, एक पाय वाकडा. जास्नानं भीतभीतच त्याच्या गळ्याला बोटं लावली. नाडी लागत होती, दोऱ्यासारखी बारीक.

"मेत्का, रुग्णवाहिका!"

ती वर धावली. पावलांच्या आवाजानं गोराझ्दचे डोळे किलकिले झाले. त्यानं बहिणीचं मनगट घट्ट धरलं.

"दार..." तो म्हणाला. "दार लावू नकोस."