मळखाऊ रंग

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्यावं, मग वाचावं.

घडली माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या बाबतीत. गेल्या डिसेंबरातला दुसरा आठवडा, संध्याकाळचे सव्वासहा. अमावस्या नव्हती की मध्यरात्र नव्हती. जागा म्हणजे कालव्यावरचा अरुंद पूल, एका वेळी एकच ट्रक जाईल एवढा. ते जॅकेट अजून ताईच्या दाराजवळच्या खुंटीला आहे. मी ते हातात धरून पाहिलंय.

ताई फिजिओ आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. दिवसाला सहा-सात घरं, सगळी मोटरसायकलवर. लेक चार वर्षांची. दिसेल त्याला चिकटते म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. भाऊजींची दुपारची पाळी असली की मुंगीला पाळणाघरातून ताई आणते. मागे बसवून, पट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधून.

नोव्हेंबरात एका ट्रकने ताईला जवळजवळ कालव्यात घातलं होतं. ड्रायव्हर धावत खाली उतरला. "बाई, दिसलाच नाहीत हो तुम्ही!"

काळी गाडी, काळं जॅकेट, दिवेलागणीची वेळ. नशीब, मुंगी त्या दिवशी मागे नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात.

"हे काळं बघा मॅडम, एकदम मळखाऊ."

"पांढरं दाखवा."

"पांढऱ्यावर सगळं दिसतं हो."

"दिसायलाच हवंय."

"दर रविवारी घासत बसाल."

"तुम्हाला नाही बोलावणार घासायला."

दुकानदाराने हसत शिडी लावली आणि वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. दुधाळ रंगाचं जॅकेट, पाठीवर चमकणारी पट्टी. ताईने ते अंगात घातलं आणि काउंटरवर वाकून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून उभी राहिली. पाठ उघडी पडत नाही ना, कोपरांची पॅडं सरकत नाहीत ना, सगळं पाहिलं. मागचं गिऱ्हाईक बघत होतं. बघू दे.

पहिला आठवडा छान गेला असता. पण मंगळवारी घरी आल्यावर तिने जॅकेट खुंटीला लावलं आणि...

कमरेशी दोन्ही बाजूंना काळे डाग.

"मुंगे, हात कुठे घातले होतेस?"

मुंगीने दोन्ही पंजे पुढे केले. स्वच्छ होते. शिवाय डागांची बोटं मोठी होती. बाप्याच्या हाताची.

भाऊजी म्हणाले, "चेनचं तेल उडालं असेल."

"तेल उडून बोटं काढतं?"

"मग तुझ्या एखाद्या पेशंटने मिठी मारली असेल."

"माझे पेशंट हात वर करू शकले असते, तर मला बोलावलं असतं का?"

हसण्यावारी गेलं ते.

रविवारी ताईने जॅकेट धुवायला काढलं. ते साध्या कपड्यासारखं मशीनमध्ये टाकायचं नसतं. आधी खांद्याची, कोपरांची, पाठीची पॅडं एकेक काढायची. मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. तेलकट डागावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि बोटाने हळूहळू गोल. पिळायचं नाही. वाळवायचं सावलीतच, कारण उन्हात पांढरं पिवळं पडतं.

घासता घासता तिचं बोट थांबलं.

तिचा धंदाच हातांचा. कोणती बोटं किती वाकतात, पकड कुठे सैल आहे, हे ती लांबूनही ओळखते. उजव्या हाताची चारही बोटं पोटाकडे नीट वळली होती. डाव्या हाताची तीन वळली होती. अनामिका मात्र... सरळ. ताठ. कधीतरी मोडून तशीच बसलेली.

असा हात घरात कोणाचा नव्हता. एकाही पेशंटचा नव्हता.

डाग निघाले. सोमवारी रात्री वाळलं तेव्हा जॅकेट परत दुधासारखं झालं होतं.

मंगळवारी परत डाग. तीच सात बोटं वाकलेली. तेच एक ताठ.

आता दुसरी कोणी असती तर जॅकेट देऊन टाकलं असतं. ताईने मोबाईल काढला. डाग रात्रीच पुसून काढले. बुधवारी मुंगी तापाने घरीच होती. ताई एकटी निघाली, आणि रस्त्यात जिथे जिथे थांबली तिथे तिथे जॅकेटचा फोटो काढला. शेवटच्या पेशंटच्या दारात, स्वच्छ. पेट्रोल पंपावर, स्वच्छ. पुलाच्या अलीकडे, स्वच्छ.

मग ती पुलावर चढली.

आधी आवाज गेले. कालव्याच्या पाण्याचा, रातकिड्यांचा. फक्त इंजिन उरलं.

मग पाठीवरचं वारं गेलं. समोरून लागत होतं, बाजूने लागत होतं. पाठीवर मात्र नाही. जणू मागे कोणी आडोसा धरलाय...

मग मागचा शॉकअप दबला. हळूच. माणूस बसल्यावर दबतो तेवढा.

इंजिनाचा आवाज जड झाला.

ताईने मागे पाहिलं नाही. गाडी पळवलीही नाही. पूल उतरून दिव्याखाली थांबली, जॅकेट काढलं आणि फोटो काढला.

सात वाकलेली, एक ताठ.

त्या संध्याकाळी घरात सगळं सांगितलं. भाऊजी पहिल्यांदा हसले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते. पांढरं कशाला नजरेत भरायला? त्या काळ्यात दोन वर्षं काही झालं का?"

ताई काहीतरी उलट बोलणार होती.

दोन वर्षं काही झालं का...

ती उठली. माळ्यावरून जुनं काळं जॅकेट काढलं. एक पांढरा रुमाल ओला केला. जॅकेटच्या कमरेवर नुसता दाबून धरला.

रुमाल उचलला.

चार बोटं. दुसऱ्या बाजूला तीन आणि एक ताठ.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि भाऊजी केवढ्याने तरी दचकले.

तो नवीन नव्हता. दोन वर्षं रोज बसत होता. काळ्यावर दिसत नव्हता, एवढंच.

आणि मग ताईची नजर खुंटीवर गेली. तिथे मुंगीचं छोटं जॅकेट होतं. गडद किरमिजी. लहान मुलांचे कपडे मळतात म्हणून तिने स्वतःच निवडलेलं.

"नको," भाऊजी म्हणाले. "राहू दे."

ताईने रुमाल पालटला आणि त्या छोट्या खांद्यांवर दाबला.

दोन्ही खांदे. पूर्ण पंजे.

मुंगी तापलेल्या डोळ्यांनी पलंगावरून बघत होती. म्हणाली, "ते पुलावरचे काका आहेत. मी मधे बसते ना."

"मधे?"

"हो. तू पुढे, मी मधे, काका मागे. आता ते जवळ जवळ सरकतात. मला जागाच पुरत नाही."

भाऊजींनी मोटरसायकलची किल्ली उचलून खिशात टाकली. "बास. उद्यापासून गाडी बंद."

"आणि माझे पेशंट?"

"दुसरा फिजिओ बघतील."

"आणि उद्या तो त्या दुसऱ्याच्या पोरीमागे बसेल. किल्ली द्या."

"तुला भीती वाटत नाही का गं?"

"वाटते. फार वाटते. द्या."

सासूबाईंनीच शेवटी किल्ली काढून दिली. "जायचंय तर दिवसाउजेडी जा," एवढंच म्हणाल्या.

दिवसाउजेडी जाऊन उपयोग नव्हता. ताई गुरुवारी सव्वासहालाच गेली. एकटी. अंगात पांढरं जॅकेट.

पुलावर चढली. पाणी गप्प झालं. रातकिडे गप्प झाले. पाठीवरचं वारं थांबलं. शॉकअप दबला...

ताईने पुलाच्या बरोबर मधे गाडी बंद केली. दोन्ही पाय टेकले. हँडल सोडलं नाही.

आता तर काहीच आवाज नव्हता. कमरेशी मात्र कापड आत दबलेलं जाणवत होतं. आठ ठिकाणी.

ती बोलली. मागे न बघता, पेशंटशी बोलते तशी, खणखणीत.

"तू कोण ते मला माहीत नाही. कुठे जायचंय ते सांगितलं असतंस तर सोडलं असतं. दोन वर्षं फुकट बसलास, मी काही म्हटलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आता माहीत आहे. माझ्या जॅकेटला धर, मी धुऊन काढीन. दर रविवारी काढीन. माझा हात दुखेल, पण तुझा डाग राहणार नाही. पण माझ्या लेकीला हात लावायचा नाही. तिच्या मागची जागा तुझी नाही. उतर."

काही नाही.

"आणि त्या अनामिकेला शेक दे. वेळेवर व्यायाम केला असतास तर वाकली असती."

हे का बोलली, तिचं तिलाही कळलं नाही. सवयीने तोंडातून गेलं.

पाठीशी एक श्वास... आत ओढल्यासारखा. सोडल्याचा आवाज आला नाही.

मग शॉकअप वर आला. हळूच.

पाणी वाहायला लागलं.

पूल उतरून ती दिव्याखाली थांबली आणि जॅकेट काढलं. कमर पाहिली. सातही बोटं होती. आणि आठवं... किंचित वाकलेलं.

शुक्रवारी तिने मुंगीसाठी नवीन जॅकेट आणलं. फिकट लिंबू रंगाचं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लहान मूल आणि असला रंग? वेड लागेल धुऊन धुऊन."

"लागू दे. तिच्या अंगाला काय लागलं ते मला दिसलं पाहिजे."

ते लिंबू जॅकेट आजपर्यंत स्वच्छ आहे. वरणाचे डाग, रंगीत खडूचे डाग, बाकी काही नाही. ताई रोज संध्याकाळी दिव्याखाली धरून बघते, आतून बाहेरून. मुंगीला विचारलं तर म्हणते, "काका उतरले. आता ऐसपैस बसते मी."

तीन रविवार ताईचंही जॅकेट कोरं राहिलं. तिने धुतलं तरीही. घासायला काही नव्हतं, तरी पॅडं काढली, ब्रश फिरवला, सावलीत टांगलं. बोललेली होती ना, दर रविवारी.

चौथ्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. बादलीशी दोघी बसलो होतो. ताईने कमर उलटून पाहिली. स्वच्छ. पाठ, स्वच्छ. मग तिने दोन्ही बाह्या माझ्यापुढे धरल्या.

मनगटांवर बोटं होती. वरून धरलेली. हँडलवरच्या तिच्या हातांवर कोणीतरी पुढून हात ठेवावेत, तशी.

डावी अनामिका बरीचशी वाकलेली.

"ताई," मी म्हटलं, "हा थांबवायला धरतोय की ओढायला?"

"माहीत नाही."

"मग आता तरी सोड तो पूल."

तिने ब्रशवर साबणाचा एक थेंब टाकला. "हँडल अजून माझ्याच हातात आहे," म्हणाली आणि घासायला लागली. मी पाहत राहिले. मनगटांवरचे डाग निघायला कमरेवरच्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

मलाही साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. मीही त्याला स्कूटरवर मागे बांधून नेते. माझा रस्ता वेगळा आहे, त्यात कालवा नाही, पूल नाही. जॅकेट काळं आहे. सहा वर्षं वापरतेय. एकदाही डाग दिसलेला नाही.

गेले आठ दिवस पांढरा ओला रुमाल हातात घेते आणि परत ठेवून देते.

काल त्याच दुकानात गेले. दुकानदाराने न विचारता काळं काढून पुढे ठेवलं. "हे बघा, एकदम मळखाऊ."

मी म्हटलं, "पांढरं दाखवा. आणि त्याच्यात लहान मुलाचंही."

दोन्ही जॅकेटं समोरच्या खुर्चीवर आहेत. उद्या संध्याकाळी घालणार आहे.