यादीतली बहीण

"एक... दोन... ओढा!"

नोतेम्बिले मावशींची चाकाची खुर्ची कोर्टाच्या दुसऱ्या पायरीवर अडकली होती. वरून कोर्टाची कारकून यांदिस्वा ओढत होती आणि वारा तर असा पिसाळलेला, की तिच्या डोक्याचा रुमाल केव्हाच उडाला. तेवढ्यात खालून कुणीतरी जोर लावला. खुर्ची वर आली... आणि तिच्या दांडीवर दोघांचे हात एकमेकांवर पडले.

"समतेच्या कोर्टाला तीन पायऱ्या!" तो अनोळखी तरुण हसला. "शाब्बास!"

"मी नाही बांधल्या," यांदिस्वा फणकारली. पण गालावर खळी पडायची ती पडलीच.

आत आल्यावर त्यानं खिशातून कागद काढला. "मी लुबाबालो भेले. भेदभावाच्या तक्रारी कशा घ्यायच्या, ते कारकुनांना शिकवायला आलोय. यादीत इथलं एकच नाव आहे... न. भेले. तुम्हीच ना?"

 यांदिस्वाच्या आधीच्या कारकून भेलेबाईंची बदली होऊन वर्ष उलटलं होतं. यादीत नाव नाही तर शिक्षण नाही, आणि शिकलेला कारकून नाही तर तक्रार घेता येत नाही. मावशींची तक्रार काय, तर टॅक्सीवाले खुर्ची बघून थांबतच नाहीत. सगळ्यात जवळचा शिकलेला कारकून होता एकशेवीस किलोमीटरवर. तिथं जायचं कशानं? त्याच टॅक्सीनं!

"हो," ती म्हणाली. "मीच भेले."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... आपलं कूळ एकच. बहीणच झालात की माझी."

आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांमध्ये नजरानजर झाली की आधी कूळ विचारतात. कूळ एक निघालं की संपलं, मुकाट्यानं भाऊबहीण व्हायचं. आणि ही बया स्वतःच्या तोंडानं त्याची बहीण होऊन बसली. घ्या!

शिकवणी तीन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी सरावासाठी तो तक्रारदार झाला, ती कारकून. नियम साधा होता... लिहायचं कारकुनानं, पण शब्द तक्रारदाराचेच ठेवायचे.

"बोला, काय त्रास झाला?"

"एक कारकूनबाई सगळ्यांना गरमागरम अमाग्विन्या वाढतात. मला मात्र गारढोण."

"पुरावा?"

त्यानं पिठाचा तळलेला थंड गोळा टेबलावर ठेवला.

"साक्षीदार?"

"माझं पोट!"

दोघंही खदखदून हसली. मग त्याची नजर तिच्यावर जरा जास्तच रेंगाळली... आणि तो घाईनं खिडकीकडे वळला. "छान जमलं, ताई."

ताई! त्या एका शब्दावर तक्रार ठोकावी असं यांदिस्वाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रावर सही करायला त्यानं पेन उघडलं. सकाळीच त्यानं शिकवलं होतं, कागदात एक खोटं सापडलं की समोरचा वकील अख्खी तक्रार उडवून लावतो. बाहेर मावशी अर्ज मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोललं तर तक्रार आज अडणार, गप्प बसलं तर उद्या बुडणार.

"थांबा..." तिनं प्रमाणपत्रावर हात ठेवला. "मी भेले नाही."

"काय?"

"त्या बदलून गेल्या. मावशींसाठी खोटं बोलले. हवं तर ओरडा... पण शिकले ते खरं शिकले. आत्ता परीक्षा घ्या!"

त्यानं पेनाला टोपण लावलं. "नाव?"

"यांदिस्वा म्पोंगवाना."

तो तरातरा पलीकडच्या खोलीत वरिष्ठांना फोन करायला गेला. भिंतीपलीकडून आवाज येत होता. "साहेब, तुमच्या यादीतली बाई वर्षापूर्वीच गेली! आपण रिकाम्या खुर्चीला शिकवतो की माणसाला?... हो, तिनं खोटं सांगितलं, तेही लिहून पाठवतो. पण अशी कारकून मी पाहिली नाही. नाव बदला, मी इथून हलत नाही!"

तीन तासांनी फॅक्स कुरकुरला. नेमणूक... यांदिस्वा म्पोंगवाना.

तिनं धावत जाऊन कोरं रजिस्टर उघडलं, मावशींचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि शिक्का हाणला. तक्रार क्रमांक एक! मावशींनी जीभ नाचवत अशी आनंदाची किलकारी मारली, की दंडाधिकारी बाई धावत बाहेर आल्या.

"माझीही तक्रार आहे," लुबाबालो टेबलासमोर बसत म्हणाला. "एका मुलीनं मला तीन दिवस भाऊ बनवलं."

"अरेरे! मग काय हवंय तुम्हाला?"

"म्पोंगवाना या आडनावावरून कळत नाही, आधी तिनं आपलं खरं कूळ सांगावं." तो हसत पुढे झुकला.

तिनं मुद्दाम रुमाल नीट केला, पेन्सिलीला टोक केलं...

"सांग की गं, जीव जाईल त्याचा!" मावशी ओरडल्या.

"ज्वारा," ती म्हणाली.

"ज्वारा!" त्यानं केवढा तरी श्वास सोडला. "भेले नाही, भेलेंच्या जवळपाससुद्धा नाही!"

"मुद्द्यावर या. तुमच्याच शब्दांत लिहायचंय. काय लिहू?"

"लिहा... यांदिस्वा मला फार आवडते. पहिल्या पायरीपासून."

तिनं कान लाल होईपर्यंत शब्दन् शब्द लिहून घेतला. मग गरम अमाग्विन्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"तक्रारीचा निकाल देणं कारकुनाच्या हातात नसतं," ती म्हणाली आणि शिक्का उचलला. "ही एक सोडून."