आईच्या हातातली पट्टी

सहा दिवस चालणारी गिरणी सातव्या दिवशीही चालवली, तर कापड जास्त निघायला हवं. मग ते घटलं कसं?

हे कोडं शिवलीलेला पडलं होतं. तिची आई गिरणीत तुटलेले धागे सांधायची. कापड होतं चंद्रावरच्या वस्तीतल्या पोशाखांचं. एक गाठ सैल राहिली, तरी आतल्या माणसाचा जीव धोक्यात! मागणी वाढली, म्हणून व्यवस्थापक देवांगकाकांनी गुरुवारची सुट्टी बंद केली. तेव्हापासून आईचं बोट दोनदा मागात सापडता सापडता वाचलं होतं. शिवलीलेला फार भीती वाटे.

कापड तपासणारा यंत्रमानव नजऱ्या म्हणाला, "सदोष कापड तिप्पट झालंय. ते टाकून पुन्हा विणावं लागतं."

"पण आई तर जीव तोडून काम करते!"

"म्हणूनच थकते. तिच्या बोटांसमोर पट्टी उभी धरून सोड. पकडायला जितका उशीर, तितकी पट्टी खाली घसरते. त्यावरून प्रतिक्रियाकाळ (दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ) कळतो. थकवा साचला की तो वाढतो."

त्या दिवशी आईनं पट्टी सत्तावीस सेंटिमीटरवर पकडली. पुढं खंडेनवमी आणि दसरा आला. मागांची पूजा झाली, गिरणी दोन दिवस बंद राहिली. आई पोटभर झोपली, शेजारणीशी गप्पा मारत बसली. तिसऱ्या दिवशी पट्टी पंधरावर! शाब्बास पोरी, कोडं सुटलं.

ती पट्टी घेऊन थेट देवांगकाकांकडे गेली आणि आईचे दोन्ही आकडे सांगितले. "काका, खंडेनवमीला मागांना विश्रांती दिलीत. आईला मात्र वर्षभर नाही?"

"अगं, मीही रोज येतो. दसऱ्यालाही हिशोब बघत होतो. मला काय झालंय? सोड पट्टी!"

पट्टी खणकन जमिनीवर पडली. पुन्हा सोडली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा काकांनी ती स्वतःच उचलली आणि आईसमोर जाऊन उभे राहिले.

"चुकलं माझं, गिरिजाबाई. उद्या गुरुवार. सगळेच घरी राहा. आणि रोज आठ तासांवर एक मिनिट नको."

मोठ्या माणसानं चूक कबूल करायला छाती लागते. महिनाभरात चांगलं कापड पूर्वीपेक्षा वाढलं.

"नजऱ्या, चंद्रावर तर दिवसच चौदा दिवसांचा," शिवलीला म्हणाली. "तिथल्या कामगारांना सुट्टी कधी?"

"शरीर तेच आहे ना? आठवड्यातून एकदा."

शिवलीलेनं पोशाखांच्या पुढच्या पेटीत एक चिठ्ठी टाकली: 'आज माझी आई घरी आहे. तुम्हीही गुरुवारी सुट्टी घ्या.' सोबत तिची पट्टीही होती.