खुब्यातला बेदाणा

मृणालचा उजवा पाय पळताना मुळीच दुखत नसे. तो दुखायचा बसल्यावर. इतका कष्टाळू पाय फलटणच्या खो-खो संघाने आजवर पाहिला नव्हता.

चौकोनात गुडघे छातीशी घेऊन बसलं, की जांघेत कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. पाय आखडलाय, असा संघाने एकमताने निर्णय दिला आणि उपायही सुरू केला. रोज सरावानंतर मृणालला उताणं झोपवायचं, गुडघा छातीकडे दाबायचा आणि त्यावर दोन मैत्रिणींनी बसायचं. पाय काही मोकळा झाला नाही, पण मैत्रिणींना तिथे बसून गप्पा मारायची सवय लागली. दिवाळीनंतर राज्य स्पर्धा होती. मृणाल लंगडायला लागली तेव्हा आईने तिला हाडांच्या दवाखान्यात नेलं.

दाराशी एक यंत्रमानव ताट घेऊन उभा होता. "या, या. हात धुवा, बसून घ्या."

"हा वाढप्या," डॉक्टर मेटकरी म्हणाल्या. "आधी मंगल कार्यालयात पंगती वाढायचा. आता हाडं तपासतो. उत्तम तपासतो, फक्त आग्रह फार करतो. त्यावर उपचार चालू आहेत."

वाढप्याने मृणालच्या कमरेवरून हात फिरवला. लगेच तिचा खुबा (मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलेलं असतं तो सांधा) हवेत चित्रासारखा तरंगू लागला. मग त्याने पोटाचा खण उघडून एक वाटी आणि रव्याचा लाडू काढला.

"मांडीच्या हाडाचं टोक या लाडवासारखं गोल. कमरेच्या हाडाला ही वाटी. लाडू वाटीत फिरतो, म्हणून आपण पळतो. वाटीच्या काठाला कूर्चेची कडा (रबरासारखी लवचीक किनार) असते. आता तुझा लाडू पाहा."

त्या लाडवाला एका बाजूला बेदाणा होता, चांगला वर आलेला. वाढप्याने लाडू हळूच फिरवला. काही झालं नाही. मग खूप आत वळवला. टक्! बेदाणा काठावर आपटला.

"पळताना बेदाणा बाहेर मजेत असतो. गुडघा छातीशी आला, की तो कडेला चिमटा काढतो."

"आणि वर दोघी बसल्या की?" मृणालने विचारलं.

वाढप्याने लाडू दाबला. बेदाणा काठात रुतला. "त्यांना आधी उठवा," तो गंभीरपणे म्हणाला.

"पण अहो, हा बेदाणा आला कुठून?" आईचा आवाज असा होता, जणू कुणी तिच्या स्वयंपाकावर शंका घेतली होती.

"वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ वाढपट्टी असते (जिथून हाड वाढतं तो मऊ भाग)," डॉक्टर म्हणाल्या. "त्या वयात खेळाचा ताण सतत पडला, तर काहींचं हाड तिथे थोडं जास्त जमतं. पुष्कळांना ते दुखतही नाही."

"मग घासून टाका ना! आजच," मृणाल म्हणाली. "म्हणजे दिवाळीनंतर खेळता येईल."

वाढप्याचे डोळे लकाकले. "शस्त्रक्रिया! वाढू? डावीकडेही घ्या!"

"डावा दुखत नाही."

"प्रसाद म्हणून घ्या."

"वाढप्या," डॉक्टर म्हणाल्या, "ताटात आधी काय वाढतात?"

"मीठ. लिंबू. चटणी."

"आणि जिलबी?"

वाढप्या खजील झाला. "मागून."

"इथेही तसंच. आधी खोल बसणं बंद, मैत्रिणी बंद. मग काही महिने व्यायामोपचार, म्हणजे पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट करायचे. बेदाणा तिथेच राहतो, पण खुबा त्याला सांभाळून फिरायला शिकतो. एवढ्याने बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं. नाहीच झालं, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया (बारीक छिद्रांतून आत बघत बेदाणा घासणं आणि कडा फाटली असेल तर ती शिवणं). पण त्यातून सावरायलाही महिने जातात. शिवाय तुझी वाढपट्टी अजून मिटलेली नाही. तिला धक्का लागता कामा नये."

"म्हणजे स्पर्धा?"

"या वर्षीची हुकेल, बाळा. कुठलाही रस्ता धरला तरी."

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. वाढप्याने कागदी रुमाल पुढे केला. मग आणखी एक. "घ्या हो, संकोच नको."

रडताना हसू आलं की नाक फार वाहतं. मृणालने तोही रुमाल घेतला, नाक पुसलं आणि लाडू उचलला. वाटीत तिने तो वळवला. टक्. पुन्हा वळवला, या वेळी किंचित बाहेरच्या बाजूने आणि थोडा कमी. टक् झालं नाही.

"मी अशी बसले तर? गुडघा जरा बाहेर, आणि थोडं उंच?"

डॉक्टर हसल्या. "व्यायामात पुढे तेच शिकवणार होते. मग, काय ठरलं?"

मृणालने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"आधी चटणी," मृणाल म्हणाली.

दिवाळीनंतरची स्पर्धा मृणालने कडेला बसून पाहिली, खुर्चीवर आणि तोंड पाडून. व्यायाम मात्र एक दिवसही चुकवला नाही. उन्हाळ्यात ती पुन्हा चौकोनात उतरली, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी उंच बसून. पाठीवर थाप पडली, "खो!" ती उठली, सुसाट गेली, आणि जांघेत कुणी चिमटा काढला नाही. नव्या वर्षाच्या संघनिवडीत तिचं नाव पुन्हा घेतलं जाणार होतं.

मैदानाच्या कडेला तपासणीसाठी वाढप्या उभा होता.

"दुखतंय?"

"नाही."

"शस्त्रक्रिया वाढू?"

"नको."

वाढप्याचा हात सवयीने वाढायला पुढे आला आणि अर्ध्यावरून मागे गेला. मंगल कार्यालयातली सगळी वर्षं त्या हाताला एकदम आठवली असावीत.

"बरं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग त्याने खण उघडला. "लाडू?"

"एक."

"दोन," वाढप्या म्हणाला.

मृणालने दोन्ही खाल्ले, बेदाण्यांसकट, आणि जाऊन आपल्या चौकोनात बसली.