आठवा खण

त्या दुपारी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेले नव्हते, फिर्यादी म्हणून गेले होते. माणसे नको असलेली वस्तू हौसेने का घेतात, या प्रश्नावर सहा वर्षे वाचण्यात घालवल्यावर एका कंपनीने चक्क तिच्याच मालावर माझे मत मागितले होते. आठ रंग आधीच जुळवून ठेवलेली तयार आयशॅडो पॅलेट विकत राहावी, की रिकामी डबी देऊन गिऱ्हाइकाला चाळीस सुट्या रंगांतून आपले आपण निवडू द्यावे? माझे उत्तर दुकानात शिरण्यापूर्वीच ठरले होते. तयार पॅलेट म्हणजे बाईच्या अकलेला बाहेरून घातलेली कडी. ती बंद व्हावी.

काउंटरवर त्याच पॅलेटचा टेस्टर, गिऱ्हाइकांनी लावून बघायचा नमुना, उघडा पडला होता. शेकडो बोटांनी उकरलेला, एका रंगात दुसरा सांडलेला. अस्वच्छतेचा मला राग येतो. तसा तो मला बहुतेक गोष्टींचा येतो. मी रुमाल काढला आणि आठही खण पुसून, दाबून, सपाट केले.

"अहो... अहो, काय केलंत हे!"

मागे एक माणूस उभा होता. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा, की मी त्याच्या डोळ्यांदेखत एखादे हस्तलिखित चुलीत घातले असावे.

"स्वच्छ केलं," मी म्हणाले.

"मी वाचणार होतो ते."

"वाचणार?"

"बोटांचे खड्डे. कुठल्या रंगाला किती हात लागले, कुठे बोट आधी गेलं, कुठे जाऊन घाबरलं..." त्याने पॅलेट उजेडाकडे तिरकी धरली, काही उरले असेल तर दिसावे म्हणून. "महिन्यातून एकदा येतो मी. हे रंग मी जुळवतो. महिनाभराचा मजकूर पुसलात तुम्ही."

पुस्तकाचे मळलेले पान पाहून वाचक कुठे अडला हे ओळखण्याची विद्या मी मोठ्या अभिमानाने मिरवत आले आहे. तीच विद्या हा माणूस नखाएवढ्या खणांवर चालवत होता आणि मी त्याचे एकमेव साधन रुमालाने नष्ट केले होते. मला लाज वाटली. ती क्वचितच वाटत असल्याने ओळखायला थोडा वेळ लागला.

"माफ करा," मी म्हणाले. लपवाछपवीचा कंटाळा असल्याने पुढचेही सांगून टाकले. "तुमच्या पॅलेटवर कंपनीला मत देणार आहे ती मीच. येत्या गुरुवारी. ते विरुद्ध आहे."

तो हसला. "म्हणजे ही रंगीत तालीम होती. आज खण पुसलेत, गुरुवारी माझं टेबल पुसणार!"

"टेबल का?"

"सुट्या रंगांना जुळवणारा कशाला लागतो? मी आणि पुडीच्या वड्या दाबणाऱ्या प्रेसवरच्या काकू, दोघंही घरी." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, हेच जास्त लागले. "द्या की मत. पण आधी एकदा येऊन बघा. न वाचताच परीक्षण लिहिणाऱ्यांतल्या नाही वाटत तुम्ही."

मी नेमकी त्यांच्यातलीच होते. सोमवारी कारखान्यात गेले.

लांबट खोली, एका बाजूने सलग खिडक्या, पांढरे टेबल, त्यावर झाकणे लावलेल्या बरण्या. कोपऱ्यात प्रेस, आणि तिच्यामागून एक जाड, खणखणीत आवाज —

"मोरपंखी! तुझ्या शत्रू आल्यात रे. दिसायला बऱ्या आहेत."

"काकू!"

"खोटं बोलले का मी?"

मोरपंखी म्हणजे तोच; त्याचे कान लाल झाले. मी बरण्यांकडे पाहू लागले. करडी पूड, मातकट पूड, आणखी एक करडी पूड. "यासाठी बायका वेड्या होतात?" मी विचारले.

"मनगट द्या."

त्याने चिमटीत ती सर्वांत मळकट पूड घेतली आणि माझ्या मनगटावर एकच बोट ओढले. मी आजवर बरीच विशेषणे वापरली आहेत, बहुतेक इतरांच्या निंदेसाठी. त्या क्षणी एकही हाताशी आले नाही. करडे होते ते पेटले. मनगट फिरवले तसे तांब्याचे सोने झाले, सोन्याचे जांभळे, आणि माझीच त्वचा, जिच्याकडे मी कित्येक वर्षांत पाहिलेही नव्हते, पहाटेच्या पाण्यासारखी उजळत गेली.

"अभ्रक," तो हळूच म्हणाला. "बरणीत मेलेलं असतं. अंगाच्या उबेला आलं की..."

वाक्य त्याने पूर्ण केले नाही. बोटही लगेच उचलले नाही.

"पुढचं दाखवा," मी कोरडेपणाने म्हणाले. आवाज मात्र म्हणावा तितका कोरडा निघाला नाही.

त्याने सगळे दाखवले. पहिला खण फिकट, कारण बिचकलेले बोट आधी तिथेच जाते. मधे तपकिरी, तांबूस, गव्हाळ. रोज संपतात ते हेच. झाकण मिटताना टक् असा आवाज यायलाच हवा, नाहीतर बाई डबी परत ठेवते. तळाशी पत्र्याची चकती, वजन यावे म्हणून.

"वजन कशाला?"

"हलकी डबी खेळण्यासारखी वाटते."

"ही फसवणूक आहे."

"हो," तो म्हणाला. "ही आहे. मलाही आवडत नाही."

इतक्या सरळ कबुलीची सवय नसल्याने माझा पुढचा मुद्दा जागीच पडला. मी आठव्या खणाकडे वळले. गर्द मोरपंखी, पाहताना डोळ्यांना खोल पाण्यात उतरल्यासारखे वाटावे असा. "आणि हा? हा कोण लावतं?"

"कोणीच नाही. बरेच जण म्हणतात काढ. एकदा काढलाही, तर खप निम्म्यावर आला. पॅलेट घेतात ती याच्यासाठी. लावतात ते बाकीचे."

"म्हणजे कधीही न वापरायच्या वस्तूचे पैसे घेता!"

त्याने फडके झटकले, नीट घडी केली. "तुमच्या घरी न वाचलेली पुस्तकं किती आहेत?"

मी पॅलेटचे झाकण टक् मिटले.

"अंदाजे सांगा..."

"विषयाला धरून बोला."

प्रेसमागून काकू मनापासून हसल्या.

बुधवारी कंपनीने ठेवलेली चाचणी होती. चौदा बायका, एकेक करून. टेबलाच्या एका टोकाला रिकामी डबी आणि चाळीस सुटे रंग, दुसऱ्या टोकाला तयार पॅलेट. काचेपलीकडे तो आणि मी, इतक्या अरुंद जागेत, की वही उघडताना कोपर लागत होते. "सॉरी," तो म्हणायचा. "असू द्या," मी म्हणायचे. बाराव्या वेळेनंतर दोघांनीही काही म्हणणे सोडले आणि कोपरे जिथे होती तिथेच राहिली.

तेरावी बाई तिकीट खिडकीवर काम करणारी होती. कामाची पाळी संपवून थेट आलेली. चाळीस रंगांसमोर ती उभी राहिली. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मग परीक्षेत नापास होणाऱ्या मुलीसारखी हसली. "मला काय शोभतं ते मला कुठे ठाऊक? दिवसभर तेच... खिडकीवर हो की नाही, घरी भाजी कुठली, कोणाला किती. इथेही मीच ठरवू?"

तिने दुसऱ्या टोकाची पॅलेट उघडली.

निवड म्हणजे स्वातंत्र्य, असे मी सहा वर्षे लिहीत आले आहे. ते लिहिताना मी कधी अशी दिवसभराची कामाची पाळी संपवून आलेली नव्हते. झाकण वर गेले आणि त्या थकलेल्या चेहऱ्यावर जे उमटले, त्याला मोह म्हणण्याची माझी पूर्ण तयारी होती. पण तो मोह नव्हता. वाढलेले ताट समोर यावे, आणि आज ते आपण वाढलेले नसावे, तसा तो चेहरा होता.

"कोणीतरी बसून विचार केलाय," ती पुटपुटली. "माझ्यासाठी." तिचे बोट आठव्या खणापाशी गेले, टेकले नाही. "हा... कधीतरी लावीन."

मी वळून पाहिले. तो तिच्याकडे पाहत होता, श्वास रोखून. ज्यांना तो कधी भेटणार नव्हता अशा हजारो बायकांच्या डोळ्यांचा विचार करत हा माणूस त्या खिडक्यांखाली वर्षानुवर्षे बसला होता. इतके निरपेक्ष लक्ष मी कोणत्याही ग्रंथाला दिलेले नाही. माझा राग, माझी एकुलती एक मिळकत, कुठे ठेवला होता ते मला सापडेना.

गुरुवारी सकाळी संचालकबाई, चार अधिकारी, तो आणि काकू अशा बैठकीत मी अहवाल वाचला. चौदाही बायकांचे शब्द जसेच्या तसे. निष्कर्ष: माझे पूर्वीचे मत चूक, तयार पॅलेट राहावी, आठवा खण राहावा, पत्रा काढावा. टेबल वाचले होते. एवढ्यावर थांबता आले असते. पण उरलेले न सांगणे म्हणजे तोही तळाशी लपवलेला पत्राच झाला असता.

"आणखी एक," मी म्हणाले. "माझं मत बाद धरावं. मी निःपक्षपाती नाही."

"म्हणजे?" संचालकबाईंनी विचारले.

"रंग जुळवणाऱ्या या गृहस्थांवर माझं प्रेम जडलं आहे. बहुधा सोमवारी, अचूक वेळ नोंदवायची राहून गेली."

काकूंना ठसका लागला. एका अधिकाऱ्याचे पेन खाली पडले. ते उचलायला तो अधिकारी बराच वेळ वाकून राहिला. रंग जुळवणाऱ्याकडे पाहण्याचे मला धाडस झाले नाही. त्याचे टेबल माझ्या हातून पुन्हा गेले असणार, आणि या वेळी तर प्रामाणिकपणाच्या नावाखाली.

संचालकबाईंनी कागद उलटसुलट चाळले. "मत बाद," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण चौदा बायका काही तुमच्या प्रेमात नाहीत, आणि यांच्याही नाहीत. त्यांचं म्हणणं राहील. पॅलेटही राहील. चला, पुढचा विषय."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात त्याने मला गाठले, धापा टाकत.

"सगळ्यांसमोर?" तो म्हणाला. "आधी मला सांगायचं होतंत..."

"पुरावा जाहीर मांडावा लागतो."

"आणि उत्तर?"

"ते..." मी अहवालाची घडी घातली. "ते खाजगीत दिलेलं चालेल."

तो जवळ आला, आणि त्याने ते दिले: होकाराचे, शब्दांवाचून. मी लिहिलेल्या प्रत्येक विधानाखाली आजवर आधार दिलेला आहे. या एका विधानाला आधार देणार नाही.